वेफर्सचं पाकीट काचेआड का लटकतं?

प्रश्न : आमच्या ऑफिसात खाऊचं व्हेंडिंग मशीन आहे. वीस रुपये भरून नंबर दाबला की स्प्रिंग फिरते, वेफर्सचं पाकीट ऐटीत पुढे येतं आणि कडेला पोचल्यावर तिथेच लटकून राहतं. पडद्यावर मात्र ‘धन्यवाद’ झळकतं. मागून सहकारी येतो, तोच नंबर दाबतो आणि त्याला दोन पाकिटं मिळतात. हे मशीन माझ्यावरच का रुसतं? ते जरा गदागदा हलवलं तर चालेल का? आणि फोनवरून पैसे भरले, खात्यातून गेले, तरी मशीन ढिम्म, असं झालं तर दाद कोणाकडे मागायची?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : रुसव्याचा मुद्दा आधी मिटवू. रुसायचं तर समोर कोण आहे हे कळायला हवं. या मशीनला समोरचा माणूस सोडाच, आपण विकतो काय हेही माहीत नसतं. त्याला एवढंच सांगून ठेवलेलं असतं, की 34 नंबर दाबला गेला आणि पैसे जमा असले तर 34व्या रकान्याची मोटर एक फेरा फिरवायची. त्या रकान्यात वेफर्स आहेत, शेंगदाणे आहेत की काहीच नाही, हा त्याचा विषय नाही. मशीन स्वतः केलेलं काम मोजतं, तुमच्या हातात काय पडलं ते मोजत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी याच एका गोष्टीतून निघाल्या आहेत, तेव्हा एकेक करून पाहू.

काचेतून दिसणारी प्रत्येक आडवी स्प्रिंग म्हणजे जाड तारेचं लांबलचक वेटोळं. दोन वेढ्यांमधल्या प्रत्येक फटीत एक पाकीट उभं केलेलं असतं. स्प्रिंग एक पूर्ण फेरा फिरली की रांगेतलं प्रत्येक पाकीट बरोबर एका फटीएवढं पुढे सरकतं आणि सर्वांत पुढच्याच्या पायाखालची फळी संपते. मोटरजवळ एक बारीक स्विच असतो. फेरा पूर्ण झाला की तो दाबला जातो आणि मशीन विक्रीची नोंद करून मोकळं होतं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे पेपर फेकून सायकल पुढे हाणणाऱ्या मुलाच्या लेखी जसा पेपर पोचलेला असतो, तसंच हे. तो बाल्कनीत पडला की खालच्यांच्या छज्ज्यावर, हे पाहायला तो थांबत नाही.

आता पाकीट लटकतं का, ते पाहू. वेफर्सचं पाकीट काही ठोकळा नव्हे. मध्ये ते उशीसारखं फुगलेलं असतं आणि वर-खाली चिकटवलेल्या सपाट पट्ट्या असतात. (आत ‘हवा भरून फसवतात’ असा एक लोकप्रिय आरोप आहे. आत असतो तो नायट्रोजन. हवेतल्या ऑक्सिजनने तेल खवट होतं, ते नायट्रोजनमुळे टळतं, आणि फुगवट्यामुळे वेफर्सचा चुरा होत नाही. पाकीट केवढं आणि माल केवढा, ही तक्रार वेगळी आणि ती रास्तही आहे.) पाकिटाचा तळ फळीच्या बाहेर जातो तेव्हा ते पुढे कलतं. त्याच क्षणी वरची पट्टी तारेच्या वेढ्यात अडकली, किंवा फुगलेलं पोट दोन वेढ्यांमध्ये दाबून बसलं, की संपलं. एरवी वजनाने ते सुटलं असतं, पण वेफर्सना वजनच नसतं. बिस्किटांचा पुडा किंवा चॉकलेट क्वचितच लटकतं, कारण ते आटोपशीर आणि आकाराच्या मानाने जड असतं.

दुसरं कारण स्प्रिंगच्या मापाचं. फटी रुंद असलेली स्प्रिंग फुगीर पाकिटांसाठी, अरुंद फटींची चॉकलेटं आणि वड्यांसाठी. ही मापं ठरवून मशीन बसवलेलं असतं, पण माल कायम तोच राहत नाही. आपल्याकडे पाच, दहा आणि वीस रुपयांच्या पाकिटांची किंमत कंपन्या सहसा हलवत नाहीत, आतलं वजन हलवतात. त्याबरोबर पाकिटाचा फुगीरपणा आणि उंचीही बदलू शकते. स्प्रिंग मात्र जुन्याच मापाची राहते. त्यात माल भरायला येणाऱ्या मुलाला दिवसभरात अशी कित्येक मशीनं उरकायची असतात. वेफर्स संपले म्हणून त्यांच्या रकान्यात चिक्की उभी केली, किंवा पाकीट तिरकं खोचलं, तर त्याचा फटका दुपारी चार वाजता तुम्हाला बसतो. पुढच्या बाजूला तारेचं टोक नेमकं कुठे थांबतं यावरही बरंच अवलंबून असतं. टोक थोडं पुढे-मागे बसवलं की नेहमी अडकणारा रकाना सुधारतो. काही स्प्रिंगांच्या टोकाला पाकीट शेवटी ढकलून देणारा छोटा तुकडाही लावता येतो. म्हणून ‘मशीन बिघडलं’ अशी मोघम तक्रार न करता ‘34 नंबरचा रकाना अडकतो’ असं सांगावं. ते काम पाच मिनिटांचं असतं.

सहकाऱ्याला दोन पाकिटं का मिळाली, हे आता तुम्हीच सांगाल. त्याच्या पैशांवर स्प्रिंग आणखी एक फेरा फिरली, मागचं पाकीट पुढे आलं आणि त्याने तुमच्या लटकलेल्या पाकिटाला ढकललं. दोन्ही खाली. म्हणजे त्याच्या नशिबातले निम्मे पैसे तुमचे होते. मग आपणच पुन्हा नंबर दाबावा का? बहुतेक वेळा दोन्ही पडतात. पण मुळात पाकीटच रकान्याला मोठं असेल तर दोन्ही लटकतात आणि मग वीसचे चाळीस होतात. माझं मत विचाराल तर दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी पडद्याकडे नीट पाहावं. त्याचं कारण असं.

बऱ्यापैकी मशीनमध्ये खालच्या खणाच्या तोंडाशी अवरक्त किरणांचा एक अदृश्य पडदा असतो. काही पडलं की किरण क्षणभर तुटतात आणि तेव्हाच विक्री झाली असं धरलं जातं. किरण तुटले नाहीत तर मशीन स्प्रिंग आणखी थोडी फिरवून पाहतं. तरीही काही पडलं नाही तर तो रकाना बंद करून तुमची रक्कम पडद्यावर तशीच ठेवतं किंवा परत करतं. अशा वेळी चिडून माणूस निघून जातो आणि शिल्लक रकमेवर मागचा कोणी तरी खाऊन जातो. हा पडदा नसलेल्या स्वस्त किंवा जुन्या मशीनला मात्र फेऱ्यापलीकडे काही कळत नाही. तुमचं मशीन ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होतं, त्या अर्थी ते बहुधा याच जातकुळीतलं.

हलवण्याबद्दल उत्तर एका शब्दात : नको. वेफर्सचं पाकीट पिसासारखं असलं तरी मशीन रिकामं असतानाही दोनशे किलोंच्या पुढे असतं आणि शीतपेयांनी भरलेलं त्याच्याही कितीतरी वर. माल उंचीवर असल्यामुळे वरचा भाग जड असतो. एकदा ते पुढे कललं की डबे-बाटल्याही पुढच्या बाजूला घसरतात आणि मग ते सावरणं माणसाच्या हातात राहत नाही. हे बागुलबुवाचं बोलणं नाही. अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात मशीन अंगावर पडून किमान 37 माणसं दगावल्याची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने केली होती. अनेकांनी फुकटची किंवा अडकलेली बाटली काढण्यासाठी मशीन हलवलं होतं. ‘हलवू नका’ ही चिकटपट्टी तिथे लागली ती अशा अपघातांमुळेच. आपल्याकडे मशीन भिंतीला जखडलेलं असेलच याची खात्री नसते, तेव्हा खणाच्या झडपेतून खांद्यापर्यंत हात घालण्याचे प्रयोगही नकोत.

राहिला फोनवरून भरलेल्या पैशांचा प्रश्न. इथे आपला समज असा असतो, की फोनवर हिरवी खूण आली म्हणजे ती मशीननेही पाहिली. मशीनने ती पाहिलेली नसते. तुमच्या बँकेतून रक्कम वळती झाल्याचा निरोप आधी मशीनवाल्या कंपनीच्या पेमेंट सेवेकडे जातो, तिथून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून मशीनच्या पोटातल्या सिमकार्डावर येतो. ऑफिसात मशीनला जागा मिळते ती जिन्याखाली, लिफ्टच्या मागे किंवा तळघरात, म्हणजे जिथे तुमच्या फोनलाही रेंज नसते तिथे. निरोप यायला मशीन ठरावीक सेकंद वाट पाहतं. तेवढ्यात आला नाही तर ते व्यवहार सोडून पुन्हा ‘स्वागत’ दाखवायला लागतं. त्यानंतर आलेल्या निरोपाला तिथे गिऱ्हाईकच उरलेलं नसतं. चांगल्या कंपन्यांचा सर्व्हर अशा अनाथ रकमा आपोआप परत पाठवतो.

दाद मागताना नेमकं काय झालं हे वेगळं करायला हवं. रक्कम खात्यातून गेली पण विक्रेत्याकडे पोचल्याची पुष्टीच झाली नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019चं परिपत्रक आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. वीस रुपयांच्या वेफर्ससाठी ही तरतूद भलतीच उदार आहे, पण ती तुमच्याही कामाची आहे. पैसे विक्रेत्याला व्यवस्थित पोचले आणि पाकीट तेवढं लटकलं, तर मात्र बँकेचा त्यात काही दोष नाही. तिथे मशीनवर चिकटवलेल्या क्रमांकावर फोन करायचा. लटकलेल्या पाकिटाचा आणि मशीनच्या नंबराचा फोटो सोबत असला की बोलणं लवकर संपतं. ऑफिसच्या ॲडमिनवर तोंडसुख घेऊन उपयोग नाही. मशीन बहुतेक वेळा ऑफिसच्या मालकीचं नसतंच.

इंटरनेटला जोडलेली मशीनं ही फार नवी गोष्ट आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाचं कोकाकोलाचं एक मशीन होतं. तिथल्या मंडळींच्या खोल्या त्यापासून लांब गेल्या. एवढं चालत जायचं आणि मशीन रिकामं, किंवा नुकत्याच भरलेल्या कोमट बाटल्या, याला ती वैतागली. 1982 साली त्यांनी ते चक्क अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाला जोडलं. यातली गंमत पाहा. मशीनला ना बाटल्या दिसत होत्या, ना त्यांचा गारवा कळत होता. त्याच्या प्रत्येक रकान्याला फक्त एक ‘संपलं’चा दिवा होता. बाटली विकली की तो काही सेकंद लागायचा, रकाना रिकामा झाला की भरेपर्यंत लागून राहायचा. या पोरांनी ते दिवे संगणकाला जोडले. दिवा थोडा वेळ लागला तर एक बाटली गेली आणि बराच वेळ लागून विझला तर रकाना नव्याने भरला, असा हिशेब मांडला. भरून तीन तास झालेली बाटली गार समजायची. आपल्या खुर्चीतून न उठता कुठल्या रकान्यात गार बाटली आहे हे त्यांना कळू लागलं. मशीन होतं तसंच राहिलं, त्याच्या वतीने अंदाज बांधणारी माणसं तेवढी हुशार निघाली.

प्रश्न : तीच नोट मशीन तीनदा परत देतं आणि चौथ्यांदा घेतं. ते काय नोटेवरच्या गांधीजींना ओळखायचा प्रयत्न करत असतं? नाणी घासून टाकली तर लवकर घेतं, हे खरं का?
– बँकेतील एक कर्मचारी, ठाणे

उत्तर : चित्र ओळखण्याएवढं ते रसिक नसतं. नोट आत ओढली जाताना तिच्या ठरावीक पट्ट्यांवर प्रकाश टाकला जातो, काही दिसणारा, काही अवरक्त. किती प्रकाश परत आला आणि किती आरपार गेला, याचे आकडे आत साठवलेल्या नमुन्याशी ताडले जातात. नोट किंचित तिरकी गेली, घडीची सुरकुती नेमकी त्या पट्टीवर आली, किंवा पावसाळ्यात खिशात दमट झाली, की आकडे चुकतात. चौथ्या खेपेला ती थोडी सरळ गेली, एवढंच घडलेलं असतं. घडी उलट बाजूने दाबून नोट सपाट करा आणि सरळ धरा, पहिल्याच खेपेला जायची शक्यता वाढते.

आपल्याकडच्या मशीनांचे हाल जरा जास्तच झाले. नोव्हेंबर 2016नंतर नोटांची नवी मालिका आली आणि तिने रंगांबरोबर मापंही बदलली. दहाची जुनी नोट 137 मिलिमीटर लांब, नवी 123. शंभराची 157 होती, ती 142 झाली आणि रुंदीही 73वरून 66वर आली. जुन्याही चलनात राहिल्या. त्यामुळे प्रत्येक मशीनला दोन-दोन नमुने शिकवावे लागले. ज्यांना शिकवायला कोणी आलंच नाही, ती नव्या कोऱ्या नोटेला नकार देत बसली.

नाण्याचं उलट आहे. घासण्याने काही होत नाही. दुसऱ्यांदा टाकलेलं नाणं वेगळ्या वेगाने घरंगळतं आणि श्रेय घासण्याला मिळतं. मशीन नाण्याची गोलाई, जाडी आणि विद्युतचुंबकीय वेटोळ्यांच्या मदतीने धातू तपासतं. वरची नक्षी पाहतच नाही. दहा रुपयांच्या नाण्यावरून आपल्याकडे किती भांडणं झाली आठवा. हे खोटं, ते चालत नाही, रेषा मोजा! अखेर जानेवारी 2018मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की चौदाच्या चौदा नक्षींची नाणी खरी आहेत. नुसत्या नक्षीवरून मशीनला त्यांत काही फरक दिसला नसता. दुकानदार नाकारतो ते नाणं मशीन मुकाट्याने घेतं, असा हा दुर्मीळ प्रकार.

या घराण्याचा ज्ञात मूळपुरुषही असाच होता. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेरॉन नावाच्या यंत्रज्ञाने मंदिरातलं तीर्थ देणारी पेटी वर्णन करून ठेवली आहे. नाणं एका तरफेच्या टोकावर पडायचं, त्याच्या वजनाने झडप उघडायची, पाणी वाहायचं आणि नाणं घसरून गेलं की झडप बंद. तिला फक्त वजन कळायचं. नाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा धातूचा तुकडा टाकणारा भाविक तिथे कधी आलाच नसेल, असं मला वाटत नाही.

प्रश्न : मशीनच्या चहाला कॉफीचा वास, कॉफीला सूपचा. सोमवारचा पहिला कप तर निव्वळ गढूळ पाणी. ‘साखर कमी’ सांगायची सोय का नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या मशीनमध्ये चहा होत नाही, कालवला जातो. आतल्या डब्यात चहापत्ती नसते. आधीच काढून वाळवलेल्या चहाच्या अर्काची पूड, दुधाची पूड, साखर आणि वेलची किंवा आल्याचा स्वाद, असं सगळं एकत्र मिसळलेलं असतं. साखर पुडीतच मुरलेली असल्यामुळे मशीन ती कमी कशी करणार? साखरेचा डबा वेगळा असेल त्याच मशीनला ते जमतं. टपरीवरच्या चहाची सर येत नाही ती याचमुळे. तिथे पत्ती, दूध आणि आलं एकत्र उकळतं, इथे काहीच उकळत नाही.

नंबर दाबला की डब्याच्या तळाचा मळसूत्री दांडा ठरलेले सेकंद फिरतो, पूड खालच्या भांड्यात पडते, गरम पाण्याची झडप ठरलेले सेकंद उघडते आणि एक छोटी रवी सगळं घुसळते. पुन्हा तेच : मशीन सेकंद मोजतं, पूड मोजत नाही. भांड्यातून उठणारी वाफ डब्याच्या तोंडाशी जाते, पूड ओलसर होऊन गोळा धरते. शनिवार-रविवार मशीन बंद राहिलं, त्यात पावसाळा असला, की गोळा चांगला घट्ट होतो. सोमवारी दांडा इमानाने फिरतो, पण पोकळीत. पूड येत नाही, पाणी मात्र ठरल्याप्रमाणे येतं. खाली कप ठेवलेला नसला तरी ते येतंच.

वासाचं म्हणाल, तर कित्येक मशीनमध्ये भांडी वेगळी असली तरी शेवटची नळी आणि तोटी सामाईक असते. नळीत मागच्याचं थोडं उरतं आणि ते पुढच्याच्या कपात उतरतं. यावर उपाय म्हणजे रोज संध्याकाळी भांडी आणि नळ्या धुण्याचं बटण दाबणं. ते मशीनमध्ये असतं, फक्त ते दाबणं कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. तुमच्या ऑफिसात ते कोण दाबतं याची चौकशी करा. तोवर कप धरण्याआधी नुसत्या गरम पाण्याचं बटण एकदा दाबून ते पाणी टाकून द्या. गरम पाण्याची तोटी स्वतंत्र असेल तर मात्र याचा काही उपयोग नाही. मग टोमॅटो सूप घेणाऱ्याच्या लगेच मागे उभं राहायचं नाही, एवढंच हाती उरतं.